पांढऱ्या शेपटीचा सुभग

संगीताला हवा होता एकच फोटो, पांढऱ्या शेपटीच्या सुभग पक्ष्याचा! मागच्या महिन्यात पक्षीवाल्यांच्या ग्रुपवर तिनं सुगरणीला सुभग म्हटलं आणि तिचं नावच 'पिवळीबाई' पडलं. पिवळं दिसलं की सुभग! ते हसणं तिच्या काळजात रुतलं होतं. म्हणून तर भर मे महिन्यात धाकट्या भावाला, इंद्रजीतला, घेऊन ती फुलसावंगीपलीकडच्या रानात शिरली होती.

पण सकाळीच घात झाला. दुर्बिणीत पिवळं काही चमकलं, आणि संगीता पाऊलवाट सोडून त्याच्यामागे! टेकड्यांमागून टेकड्या ओलांडल्यावर कळलं, तो साळुंकीएवढा हळद्या होता; सुभग तर चिमणीएवढा. दुर्बिणीत सगळेच मोठे दिसतात, हे नवख्याला कोण सांगणार? परत वळले तर वाट सापडेना. त्यात घळीतून अस्वल अंगावर आलं! दोघं जीव घेऊन पळाले. अस्वल मागे राहिलं, पण पाण्याची पिशवीही तिथेच राहिली.

ऊन चढलं. सागाला पान नाही, कुठं सावली नाही. इंद्रजीतचा घाम थांबला, तोंड लालबुंद झालं.

"बाई, मले गरगरून राह्यलं," म्हणत तो मटकन बसला. "तुह्या पाखरापायी मरतो मी आज!"

संगीतानं त्याच्या कपाळाला हात लावला, तर चटका बसला. तो चेष्टा करत नव्हता.

इतक्यात बोराटीच्या झुडपात हालचाल झाली. चिमणीएवढा पिवळा पक्षी! शेपटी फाकली. पांढरी! तिनं कॅमेरा उचलला, तोवर तो पानाआड गेला. जरा थांबलं की पुन्हा दिसणार होता.

तेवढ्यात डोक्यावरून दुसरं पिवळं गेलं. या खेपेला तिनं दुर्बीण लावलीच नाही. साळुंकीएवढं! हळद्याच! तो बोडक्या सागावर टेकला नाही, सरळ खालच्या दरीत उतरला. हळद्याला गर्द झाड लागतं, आणि या दिवसांत गर्द झाड म्हणजे नाल्याकाठचा उंबर. बुडाशी ओल असणार!

बोराटी पुन्हा हलली. जळलं मेलं नशीब! तिनं कॅमेरा गळ्यात सोडला आणि भावाला खांद्याचा आधार दिला.

"ऊठ भिया, माह्या भावा! चाल!"

घसरत, पडत दोघं खाली आले. उंबर होता! पण नाला कोरडा. नखं तुटेस्तोवर तिनं वाळू उकरली. ओल लागली, मग गढूळ पाणी! ओढणी भिजवून तिनं त्याच्या डोक्यावर, मानेवर पिळली. कितीतरी वेळानं त्यानं डोळे नीट उघडले, तशी ती ढसाढसा रडली. नाला धरून गेलं की आता गाव लागणारच होतं.

"तुहा सुभग?" इंद्रजीतनं विचारलं.

"होता. पांढऱ्या शेपटीचाच."

"फोटो?"

"नाही काढला. ग्रुपवर लिहीन, हळद्या पाह्यला."

"पिवळीबाई म्हनतीन पुन्हा."

वर उंबरात हळद्या शीळ घालत होता.

"म्हनू दे," संगीता म्हणाली. "आज बरोबर वळखला ना!"