एकोणचाळीस दिवस उभी राहिलेली गाडी

गाडी किती वर्षं टिकते, विचारतोस? हस लेका, हस. तुझी घेऊन तीन वर्षं झाली नाहीत, तोवर खुळखुळ्यासारखी वाजते. सांभाळणारा असेल तर गाडी मालकाला पुरून उरते. दिवा जरा इकडे सरकव, सांगतो. ऐकीव नाही हं. आमच्याच गल्लीतल्या हाज्ज बद्रीच्या घरी घडलंय.

बद्रीची चार दारांची पांढरी गाडी छत्तीस वर्षं चालली. दर गुरुवारी दुपार कलली की हा बॉनेट उघडून उभा. ऑइल बघ, पाणी बघ, पट्टा दाबून बघ. बायको म्हणायची, "माझी नाडी कधी इतक्या प्रेमानं बघितली नाहीत!" पाच हजार किलोमीटर झाले की गाडी माझ्या गॅरेजच्या दारात. एक किलोमीटर वर नाही.

बद्री गेला. त्याच्या बायकोनं, उम्म रिफाईनं, म्हणजे रिफाईच्या आईनं, गाडीवर चादर टाकली. "चाळिसावा दिवस होईपर्यंत किल्लीला कुणी हात लावायचा नाही. त्यांची जागा आहे ती." मी मेकॅनिक. मला ठाऊक, गाडी पळून मरत नाही, उभी राहून मरते. पण रडत्या घरात ऑइल-पाण्याचं कोण बोलणार? गप्प बसलो. ते अजून खातं मला.

एकोणचाळिसावी रात्र. तूबा महिन्यातला, ऐन हिवाळ्यातला बुधवार, थंडी मी म्हणत होती. पावणेदहाला त्यांच्या सुनेला, नज्लाला, रक्त जायला लागलं. सातवा महिना. सोहागचं इस्पितळ बेचाळीस किलोमीटर. अँब्युलन्सवाला म्हणाला, दीड तास लागेल. शेवटी उम्म रिफाईनंच चादर ओढून फेकली. "जा रे रिफाई! ते असते तर मला शिव्या घातल्या असत्या!"

गाडी अर्ध्या किल्लीत सुरू झाली. एकोणचाळीस दिवस पडलेली बॅटरी... मला अजून उलगडत नाही. घाईत पाणी बघायचं मात्र राहून गेलं.

कालव्याचा रस्ता. धुकं. अर्ध्या वाटेवर तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला. वाफ. इंजिन बंद पडलं. रिफाईनं किल्ली काढून मुठीत धरली. मागे नज्ला कण्हत होती. मग तेही थांबलं.

"नज्ला?"

...

त्यानं दार ढकललं. उघडेना. एकही उघडेना.

समोर बॉनेट वर गेलं. सावकाश.

कुणी नव्हतं. पाणी ओतल्याचा आवाज... बराच वेळ. मग कापड फाटल्याचा. एकदाच.

बॉनेट मिटलं. इंजिन सुरू झालं.

किल्ली रिफाईच्या मुठीत होती.

नज्ला वाचली. पोरगीही वाचली, एवढीशी. डॉक्टरीण म्हणाली, अजून दहा मिनिटं गेली असती तर दोघींची आशा नव्हती.

सकाळी रिफाईनं गाडी माझ्याकडे आणली. मी बॉनेट उघडलं. पाणी काठोकाठ. खालचा रबरी पाइप उभा चिरलेला, आणि त्यावर घट्ट आवळलेली पट्टी. पांढरी, बिनशिवलेली. थेंब गळत नव्हता. वाकून वास घेतला. कापूर.

"उस्ता, हे कापड कुठलं?" रिफाईनं विचारलं.

ते कापड मी ओळखलं होतं. हाज्ज बद्रीला आंघोळ घालून त्यात गुंडाळलं, ते याच दोन हातांनी.