मेली कोण?

"या गुंत्यातच अख्खी सुट्टी संपणार," म्हणत धाकटा केबलींच्या ढिगाऱ्यावर आडवा झाला.

"लोळू नकोस. चपट्या लाल इकडे, जाड काळ्या तिकडे," थोरली म्हणाली. तिचेही डोळे मिटत होते. मामाच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात यायची हौस तिचीच, मग तक्रार कुठल्या तोंडानं करणार?

तेवढ्यात शिंपीकाका धापा टाकत आले. तीस वर्षांत काढलेले कपड्यांचे कागदी नमुने त्यांच्या सुनेनं स्कॅन करून एका हार्ड डिस्कमध्ये भरले होते. "कागद वाळवीनं खाल्ले. हात थरथरतात, आता पुन्हा काढणं होणार नाही. कॉम्प्युटर बंद पडला, पण डिस्कमधलं तरी निघालं का?"

"ती मेली हो, काका," मामी गल्ल्यावरून म्हणाली. "पाचला भंगारवाला येईल."

काका मटकन बाकावर बसले. थोरलीला फार वाईट वाटलं. तिनं भंगाराची पेटी ओढली. आत पाच डिस्क, पाचहींवर मामीच्या अक्षरात चिठ्ठी : 'मेली'. एका आठवड्यात पाच? डिस्कमध्ये काय साथ आली होती?

"मामी, मेली हे ठरवतं कोण?"

"तुझा मामा. तो आतून ओरडतो, मी चिठ्ठी लावते."

दोघं आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. मामा एका डिस्कला लाल केबल जोडत होता. ती निसटली. पुन्हा जोडली, पुन्हा निसटली.

"मेली!" मामा खेकसला. बाहेर मामीनं निमूट पेन उचललं.

"मामी, थांब. मामा, कोण मेली? डिस्क?"

"डिस्क कशाला मरेल? ही केबल मेली! टोक तुटलंय, धरतच नाही. दमलेल्या माणसानं वैतागूही नये का? डिस्क ठेवतो बाहेर, उद्या बघू म्हणून."

"आणि मी टाकते भंगारात," मामी हळूच म्हणाली.

धाकट्यानं ढिगातून एक धड लाल केबल आणली. थोरलीनं ती पेटीतल्या काकांच्या डिस्कला लावली. टोक घट्ट बसलं, डिस्क घुरघुरली आणि पडद्यावर बाह्या, कॉलर, खिसे ओळीनं उघडले. काकांनी बोटानं एका बाहीची कड गिरवली. त्यांचे डोळे भरून आले.

"शाबास," मामा म्हणाला. "आम्हा दोघांना जे सुचलं नाही, ते तुम्ही विचारलंत."

मामी चिठ्ठ्या सोलत होती. "मागच्या महिन्यात एक पेटी अशीच भंगारात गेली," ती म्हणाली.

मग मामानं फोन जवळ ओढला आणि भंगारवाल्याचा नंबर लावला.