एका कान्यासाठी अडलेलं घरकुल

पंचायत समितीच्या रांगेत माझ्या पुढे उभ्या असलेल्याच्या केसांत सिमेंट होतं. सांगावं की नाही… तेवढ्यात तोच वळला.

"तुमचं काय अडलं?"

"आईच्या नावातला काना," मी म्हटलं. "यादीत रुपबाई, आधारवर रुपाबाई. आठ महिन्यांपासून हप्ता नाही, घरकुलाच्या भिंती दरवाज्याएवढ्याच उभ्या हायेत."

तो हसला. "माझी तर तीन घरं अडली. मी वीरेंद्र, रिठदचा गवंडी. कागद थांबला का माझी थापीबी थांबते."

"मी रेणू," मीही हसत म्हटलं, पण काळजी होतीच. घर झालं तर आई गावात राहणार होती. नाहीतर दिवाळीनंतर पुन्हा ऊसतोडीला, पालात.

"एकट्या फेऱ्या नका मारू, रेणूताई. सोमवारी मी बी येतो."

"ताई नका म्हनू," माझ्या तोंडून निसटलं.

असे पाच सोमवार गेले. कधी प्रतिज्ञापत्र हवं, कधी साहेब बैठकीला, तर कधी ग्रामसेवकाच्या पत्रावर जावक क्रमांकच नाही. बाहेरच्या बाकावर आम्ही भाजलेल्या शेंगा फोडत बसायचो. सोललेले दाणे तो गुपचूप माझ्याकडे सरकवायचा.

"तुमचं काम झालं, तर सोमवारी मी काय करू?"

"मंग होऊ नये म्हनता?"

"नाही— म्हंजे, झालं पाहिजे… पन जरा हळू."

सहाव्या सोमवारी काना लागला. इंजिनिअर येऊन आईचा घरासमोर फोटो काढून गेला, अडलेला हप्ता सुटला, आणि पंधरा दिवसांत वीरेंद्रनंच आमच्या उरलेल्या भिंती चढवून स्लॅब टाकला.

दुसऱ्या दिवशी तो वर पाणी मारत होता. मी चहा घेऊन गेले.

"पुन्याले काम भेटून राह्यलं," तो खाली बघत म्हणाला. "तिथं कागदासाठी बसा लागत नाही."

"कधी निघता?"

"उद्या… कोनी थांब म्हनलं नाही तर."

'पुढच्या आठवड्यात या' हे मी त्या कचेरीत इतक्यांदा ऐकलं होतं, की ते कुणाला ऐकवायची माझी इच्छा नव्हती.

"थांब," मी म्हटलं. "तू मले आवडतं. आजच सांगून राह्यली."

त्याच्या हातातला पाइप सुटला. खालून आई ओरडली, "अवं, स्लॅब भिजवा! मले काहून भिजवता?"

तो आधी शिडीवरून उतरला, मग माझ्यासाठी हात पुढे केला. आई पाहत होती… तरी मी धरला.