सातव्या कुंडीतली माती

बारा कुंड्या, सुवासिक फुलांच्या सुरंगीची बारा रोपं. अकरांनी माना टाकल्या आणि सातवं मात्र खुशाल ताठ! असं कसं?

सन २०५८. काचेच्या खोलीबाहेर सुनंदाआत्या डोकं धरून बसली होती. ती जंगलांचा अभ्यास करणारी शास्त्रज्ञ, आणि ही खोली तिचा वाढकक्ष (ऊन, ओल, हवा हवी तशी बदलता येते अशी बंद खोली). आत तिनं शंभर वर्षांनंतरची हवा भरली होती, आजच्याहून चार अंश गरम आणि कोरडी. शेजारच्या कक्षात आजची हवा होती. तिथली रोपं मजेत होती.

"पुढे कोकणात सुरंगी टिकणार नाही, केतकी. उद्या अहवालात तसंच लिहिते. मग तिची लागवडही बंद होईल."

दहा वर्षांच्या केतकीनं सातव्या कुंडीकडे पाहिलं. कुंड्या भरताना भट्टीत भाजलेली स्वच्छ माती कमी पडली, तेव्हा तिनं सातव्या कुंडीत गुपचूप देवराईतली ओंजळभर माती घातली होती. देवराईतून वाळकं पानही न्यायचं नाही, हा गावाचा नेम! आत्यानंही तिथली माती कधी मागितली नव्हती.

"आत्या, रागावू नकोस हं," म्हणत तिनं सगळं सांगून टाकलं.

आत्यानं सातव्या रोपाच्या मुळाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. "अगं बाई! बघ तरी!"

केतकी श्वास घ्यायचीच विसरली. केसाहून बारीक पांढरे धागे मुळाला बिलगून चहूकडे पसरले होते. ओंजळभर मातीत एवढं सगळं?

"हे कवकजाल (मुळांसोबत राहणाऱ्या बुरशीचे धागे). मूळ पोचत नाही तिथलं पाणी हे आणतात, झाड त्यांना साखर देतं. माती भाजून मी यांनाच मारलं! काय म्हणावं मला!"

"मग ते लिहू नकोस ना!"

"एका कुंडीवरून काही ठरत नाही, बाळा. देवराईची माती घालून पुन्हा बारा भरायला हव्यात."

देवराई सांभाळणाऱ्या गुरवआजोबांपुढे केतकीनं रडत चूक कबूल केली. "विचारून न्यायची होतीस," ते म्हणाले. "आता न्या. पण जगतील ती रोपं इथंच लावायची."

तीन महिन्यांनी त्याच गरम कक्षात बारांपैकी दहा रोपं ताठ होती. केतकीनं काचेला नाक लावलं. आपण कधीच पाहणार नाही त्या काळातली हवा, आणि तिच्यात ही हिरवीगार पानं! तिच्या अंगावर काटा आला.

आत्यानं अहवालात लिहिलं, 'सुरंगी टिकण्याची आशा आहे. फक्त तिला एकटी लावू नका.'