धबधब्याआधीची हाक

वरच्या तळावरून होडी खाली पुलापर्यंत न्यायची, तीही नकाशाच्या आधाराने आणि सूर्य मावळायच्या आत! एवढं जमलं की गाइडचा परवाना हातात, म्हणजे लोकांना नदीवर फिरवायला मी मोकळी. नाही जमलं, तर पुन्हा दवाखान्याच्या खिडकीत बसून केसपेपर काढायचे. त्या खिडकीला मी इतकी विटले होते की या परीक्षेसाठी वर्षभर नवऱ्याचं डोकं खाल्लं होतं.

जोडीला होती धाकटी नणंद. तिने पुढे बसून जोर लावायचा, मी मागे बसून होडी वळवायची आणि नकाशा वाचायचा. घरात आमचं पडद्याच्या रंगावरूनसुद्धा जमत नाही, आणि इथे एकाच होडीत! शिकवणाऱ्या बाई त्यांच्या छोट्या होडीतून मागे येणार होत्या. त्यांचा नियम एकच: त्या फक्त बघणार. वाटेत त्यांच्याशी एक शब्द जरी बोललात, तर परीक्षा तिथेच संपली.

सकाळ झकास गेली. पाणी संथ, हिरवं, तळाचे गोटे दिसतील इतकं स्वच्छ. दोन्ही काठांवरची झाडं एकमेकांना भेटायला वाकलेली, आणि वल्ह्यावरून निथळणाऱ्या थेंबांखेरीज कसलाही आवाज नाही. होकायंत्राशी जुळवून फिरवलेला नकाशा मांडीवर होता आणि आपण जिथे आहोत तिथे माझा अंगठा. होडी पुढे सरकली की अंगठाही सरकवायचा. एकदा खडकाला घासलो. एकदा नणंदबाईंनी जोराच्या भरात होडी गरकन गोल फिरवली आणि वर म्हणाल्या, देखावा चारी बाजूंनी बघावा. हसता हसता माझ्या हातातलं वल्हंच सुटायचं राहिलं.

मग अंगठा अडला. डावीकडून एक ओढा नदीला मिळायला हवा होता. त्याच्या पुढे धबधबा, म्हणजे ओढा दिसला की होडी काठाला लावून उतरायचं आणि ती खांद्यावरून धबधब्याखाली न्यायची, असं मी ठरवून ठेवलं होतं. ओढा काही येईना. नणंद म्हणे, येईल गं, जातोय कुठे! मीही अंगठा तिथेच ठेवून बसले.

पण काठ उंच व्हायला लागले. होकायंत्राकडे पाहिलं, तर नदी दक्षिणेला वळलेली! नकाशात ती दक्षिणेला एकदाच वळत होती, आणि त्याच वळणापुढे उंचीच्या रेषा एकमेकींना चिकटल्या होत्या. म्हणजे कडा. ओढा वेलींच्या जाळीआड केव्हाच मागे राहिला होता. मी अंगठा उचलून त्या रेषांवर ठेवला.

"मी चुकलेय," मी म्हणाले. "धबधबा अगदी पुढ्यात आहे. उजवा काठ गाठायचा."

एरवी माझ्या शब्दाशब्दाला फाटे फोडणारी नणंद मुकाट्याने कामाला लागली. पाण्याला आता ओढ होती. होडीचं तोंड तिरकं केलं. मार वल्हं! अजून! होडी आडवी होऊ पाहत होती. मी वल्हं पाण्यात घट्ट दाबून धरलं. खांदे भरून आले. नणंदेने हात लांब करून एक मूळ पकडलं. लागलो काठाला!

दम घेतो न घेतो, तोच बाईंची होडी आमच्या जवळून पुढे निघाली. मधल्या धारेतून, सरळ. बाई खाली वाकून दोर आवरत होत्या; वर बघायचं नाव नाही.

नणंदेने माझा दंड धरला. गप्प राहा, परवाना जाईल, बाईंना ही नदी तोंडपाठ आहे, असं ती कानात सांगत होती. तिचं काही खोटं नव्हतं. मला दवाखान्याची ती खिडकी दिसली. पण आज पुढारीपण माझ्याकडे होतं, आणि बाईही त्याच पाण्यात होत्या.

"बाई, काठाला या! आत्ताच्या आत्ता!" मी बेंबीच्या देठापासून ओरडले.

बाईंनी मान वर केली. झपाझप वल्ही मारून होडी वळवली आणि आमच्या शेजारी आणून लावली. मला रडूच कोसळलं. परीक्षा संपली ना, मी विचारलं.

"संपली," बाई म्हणाल्या. "दर परीक्षेत मी इथून पुढे निघते आणि त्या खडकाआड थांबते. आजवर सगळ्यांनी मला जाऊ दिलं. हाक मारणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

नणंदेने असा काही आरडाओरडा केला की धबधब्याचा आवाजही ऐकू येईना. बाईंनी आमच्या होडीचं एक टोक स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि मला विचारलं, "बोला गाइड, कुठून न्यायची?"