बकुळीखालची जागा

"सुमतीबाई, आपल्या वाडीतून तार न्यायला आपली काही हरकत आहे का?"

सुमतीबाई...! आपल्या...! डोंबिवलीच्या शाळेच्या पटांगणात अख्ख्या गावासमोर ते शब्द कानांवर पडले आणि सुमतीच्या काळजात चर्र झालं. विचारणारा वीजखात्याचा इंजिनिअर होता खरा, पण तो कोणी परका थोडाच होता? तो सुधीर होता, तिचा धाकटा दीर. आईबापांवेगळ्या त्या पोराला तिनं तळहातावरच्या फोडासारखं जपून वाढवलं होतं! पण माया केली म्हणून दैव का कुणाला सोडतं? सुधीरचं लग्न झालं, वासंती घरात आली, आणि मागच्या वाडीतली बकुळ तोडून तिथं दोघांसाठी एक खोली बांधावी असं त्याच्या मनानं घेतलं. सुमतीनं नाही म्हटलं. का नाही, ते मात्र शेवटपर्यंत सांगितलं नाही. "आम्ही तुला जड झालो, असं सरळ म्हण ना!" असं तोडून बोलून तो बायकोसह ठाण्याला निघून गेला, आणि पुढे थोरला भाऊ, म्हणजे सुमतीचा नवरा, वारला तेव्हा त्याचे दिवस उरकून जो गेला, तो आज हातात नकाशा घेऊन उगवला होता.

कल्याणहून माजिवड्याकडे मोठ्या तारा जायच्या होत्या. लोकांचं म्हणणं ऐकल्याशिवाय मनोरे रोवायचे नाहीत, असा सुधीरचाच हट्ट, म्हणून ही सभा. वाटा दोनच होत्या. एक सुमतीच्या वाडीतून, लोखंडी मनोरा नेमका बकुळीच्या जागी. तिनं हरकत घेतली, की दुसरी वाट धाकूच्या आळीवरून, म्हणजे तिथली सगळी खोपटी उठणार.

"आमी कुठं जायाचं, सायेब?" धाकूनं हात जोडले. त्याच्यामागे त्याची बायको शेवंती, पदराआड तान्हं पोर घेतलेली. ते पोर एकाएकी टाहो फोडून रडू लागलं आणि सुमतीनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

बाई अडून बसणार, हे सगळे धरूनच चालले होते. बकुळीच्या डहाळीला हात लावू न देणारी ती! पण सुमती उठली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "माझी हरकत नाही. न्या माझ्या वाडीतून."

सभा पांगल्यावर सुधीरनं तिला फाटकाशी गाठलं.

"सख्ख्या दिराला वीतभर जागा दिली नाहीस, आणि परक्यांसाठी सगळी वाडी मोकळी! शाबास, वहिनी!"

किती लागलं तिला ते! पण ती एवढंच म्हणाली, "खणायला लागाल तेव्हा मला आधी हाक मार. एवढं ऐक माझं."

तो दिवस आला. बकुळ कोसळली. सुमती धुतलेल्या धोतराचा तुकडा हाताशी धरून उभी होती. कुदळी पडू लागल्या, खड्डा गुडघाभर झाला, आणि ती एकदम ओरडली, "थांबा रे! आता कुदळ नको...!"

ती खड्ड्यात उतरली, हातांनी माती उकरू लागली. गडी गपचूप बाजूला झाले. बोटांना लागले ते चांदीचे दोन इवलेसे वाळे, काळवंडलेले. बाकी सगळं मातीनं आपल्यात घेतलं होतं.

"वहिनी... हे काय?"

"माझं बाळ आहे, सुधीर."

"पण ते तर मेलेलंच जन्मलं होतं! दादानंच मला..." आणि तो थबकला. "मेलेल्या पोराच्या पायात वाळे कोण घालतं, वहिनी?"

सुमतीनं वाळे मुठीत झाकले. सुधीरचा हात नकळत स्वतःच्या गालांवरून फिरला, लहानपणी आलेल्या देवीच्या वणांवरून. त्या साथीत भीतीनं त्यांचा उंबरा कोणी चढत नव्हतं. उशाशी कडुनिंबाची डहाळी घेऊन बसायची ती ही वहिनी! बाळंतिणीच्या खोलीतून उठून आलेली...

"तापात मला रडणं ऐकू यायचं. मी विचारलं की तू म्हणायचीस, मांजर आहे रे, झोप तू... वहिनी, ते मांजर नव्हतं! माझ्या देवी त्याला लागल्या ना?"

"नाही रे राजा! पोर मुळातच अशक्त होतं..."

"अजून खोटं बोलतेस?"

"मग काय करू? एक गेलंच होतं. दुसऱ्याच्या जिवाला जन्मभराचा घोर कशाला लावायचा? तुझ्या दादांनी आणि मी देवापुढे शपथ घेतली होती रे..."

सुधीर खड्ड्यात उतरला आणि तिथंच मातीत बसला, तिचे पाय धरून. "मी तुला काय काय बोललो! मी तार हलवतो, वहिनी. अजून वेळ आहे!"

"खबरदार! गावासमोर शब्द दिलाय मी. माझं मातीत होतं, शेवंतीचं पाळण्यात आहे. त्याच्यावरचं छप्पर जाऊ द्यायचं नाही."

तिनं मूठभर माती आणि वाळे धोतराच्या तुकड्यात बांधले. ते पाण्यात सोडायला खाडीवर जायचं ठरलं. सुधीरनं आधी वर चढून तिला हात देऊन बाहेर घेतलं. तेवढ्यात धाकूच्या आळीकडून रडणं ऐकू आलं, बारीक, हट्टी. सुधीर दचकला आणि लहानपणासारखा तिच्या तोंडाकडे बघू लागला.

"पोर आहे रे," सुमती म्हणाली. "पोरच आहे ते."

आणि सुधीरला ऐकू जाऊ नये म्हणून जे रडणं तिनं इतकी वर्षं पदरात कोंबलं होतं, ते त्याच्याच खांद्यावर डोकं टेकून ती मोठ्यानं रडली.