तिसरी नोंद

मी मालवणच्या एका शाळेत शास्त्र शिकवतो. भुतंखेतं, देवचार, अंगात येणं यांतलं काहीही मी मानत नाही आणि मुलांनाही मानू देत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं.

१९५६ सालापासून दर रविवारी मी देवबागला जायचो. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला दर्या आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. खाडी समुद्राला मिळते तिथं सकाळी गादे यायचे. पुस्तकात त्यांना डॉल्फिन म्हणतात. पाठीवरच्या पराला पडलेल्या खाचांवरून मी तेवीस गादे ओळखत होतो. प्रत्येकाचं चित्र माझ्या वहीत होतं.

मग यांत्रिक होड्या आल्या, त्यांची नवी जाळी आली आणि किनाऱ्याला मेलेले गादे लागू लागले. एका हंगामात सात. मी मुंबईच्या एका कचेरीला अर्ज केला की खाडीच्या तोंडाशी ही जाळी बंद करावी. सरकारी काम अन् सहा महिने थांब म्हणतात. मी चौदा महिने थांबलो. उत्तर आलं, की जिवंत प्राण्याची लांबी, दातांची संख्या आणि श्वासाचा वेग मोजून नोंद जोडावी. त्याशिवाय विचार होणार नाही.

देवबागला कॉस्मेची रांपण होती. रांपण म्हणजे किनाऱ्यावरून शंभर माणसांनी ओढायचं मोठं जाळं, आणि कॉस्मे तिचा तांडेल, म्हणजे म्होरक्या. रांपणीत गादा सापडला तर तिथली रीत ठरलेली. तांडेल छातीभर पाण्यात जातो, जाळ्याची वरची दोरी पाण्याखाली दाबतो आणि गादा दोरीवरून निघून जातो. तोवर मासळीला कोणी हात लावत नाही. बांगड्याला किनाऱ्याकडे गादेच हाकून आणतात, असं हे लोक मानत.

१९५९च्या नोव्हेंबरात एक पिल्लू रांपणीत आलं. कॉस्मे पाण्यात शिरला आणि मी त्याचा दंड धरला. अर्ज, उत्तर, नोंद, सगळं सांगितलं. एक धरलं तर बाकीचे वाचतील, थोडा वेळच लागेल, असं म्हणालो.

कॉस्मे पाण्यातून मागे फिरला.

"आमच्या बापाशीन कधी गादो धरून ठेवलो नाय," तो म्हणाला. "तुमी सांगतास म्हणान. बेगीन उरका."

चौघांनी पिल्लाला ओल्या वाळूवर घेतलं. लांबी मोजली, दात मोजले. मग मी घड्याळ हातात घेऊन बसलो. दोन श्वासांमधलं अंतर बावीस सेकंद. पुन्हा बावीस. चोवीस. एकतीस. अंतर वाढत होतं आणि मला, लाज वाटते सांगायला, आनंद होत होता. इतका सुरेख तक्ता कुणी केला नसेल. ओहोटी लागली होती, ऊन चढलं होतं. कॉस्मे दोनदा म्हणाला, पुरे आता. मी दोनदा म्हणालो, थोडा वेळ. जाळ्याबाहेर पिल्लाची आई पाण्यावर येऊन श्वास टाकत होती, त्याच्याच तालावर. मी तेही लिहिलं.

शेवटचा आकडा एक मिनिट चोपन्न. त्यानंतर रकाना कोरा आहे.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. त्या दिवसापासून गादे खाडीच्या तोंडाशी आले नाहीत. बांगडाही आला नाही. रांपण आठवडेच्या आठवडे रिकामी येत राहिली. मला कोणी एक शब्द बोललं नाही, आणि तेच सहन होत नव्हतं. तक्ता मी मुंबईला पाठवला.

जानेवारीत कॉस्मे अंथरुणाला खिळला. मी गेलो तेव्हा दुपार होती. त्याची बायको फ्रान्सिस्का त्याच्या अंगावर सारखी ओली फडकी घालत होती. कातडी सुकते म्हणून तो तळमळायचा. डॉक्टरांनी छाती तपासली होती, छातीत काही दोष नव्हता. ते संध्याकाळी पुन्हा यायचे होते.

कॉस्मेनं श्वास घेतला. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा एक, फुस्सकन, पाण्यावर आल्यासारखा.

सवयीनं माझं लक्ष घड्याळाकडे गेलं. बावीस. पुन्हा बावीस. चोवीस.

पुढचा आकडा मला माहीत होता.

एकतीस.

"मास्तरानू," कॉस्मे म्हणाला, "वयली दोरी दाबा."

फ्रान्सिस्कानं माझ्याकडे पाहिलं.

"तेका दर्यार व्हरूया," ती म्हणाली. "तो सकाळपासून तांच मागता."

दर्या पन्नास पावलांवर होता. मी शिकलेला माणूस. आजाऱ्याला थंड पाण्यात घालायचं? मी म्हणालो, डॉक्टर येऊ देत. थोडा वेळ थांबा.

शब्द तोंडातून गेल्यावर मला ऐकू आले.

आम्ही त्याला उचललं. उंबऱ्याशी पोचलो तेव्हा त्याच्या मागच्या श्वासाला एक मिनिट चोपन्न झाले होते. बाहेर, किनाऱ्याजवळच्या पाण्यात कुणीतरी एक श्वास टाकला. कॉस्मेनं टाकला नाही.

घरी येऊन वही उघडली. पिल्लाच्या तक्त्याशेजारी दुसरा तक्ता होता. अक्षर माझंच. तो कधी लिहिला, मला आठवत नाही.

मार्चमध्ये मुंबईचं पत्र आलं. एका नोंदीवरून निष्कर्ष काढता येत नाही, किमान तीन नोंदी पाठवाव्यात. तोवर यांत्रिक जाळ्यांना मनाई करता येणार नाही.

मी वही ट्रंकेत टाकली, घड्याळही टाकलं आणि कुलूप लावलं. देवबागला जाणं सोडलं.

हल्ली माझी बायको सावित्री कामं करता करता दारात थांबते. माझ्या छातीकडे बघत उभी राहते आणि तिचे ओठ हलतात. काल मी विचारलं, जप करतंस काय गो?

"नाय," ती म्हणाली. "मोजतंय."

किती झाले, ते मी विचारलं नव्हतं.

"बावीस," ती म्हणाली.